हात थरथरण्याच्या खूप आधी

पार्किन्सन्स म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर चहाचा कप उचलताना थरथरणारा वृद्ध हात येतो. हे चित्र बऱ्याच अंशी चुकीचं आहे आणि त्या चुकीची किंमत रुग्णांना वर्षानुवर्षं मोजावी लागते. पार्किन्सन्सचा कंप काम करताना कमी आणि हात स्वस्थ असताना जास्त दिसतो. मांडीवर ठेवलेला हात थरथरतो आणि कपाकडे गेला की पुष्कळदा थांबतो. कप धरल्यावरच वाढणारा, दोन्ही हातांत असलेला कंप बहुधा वेगळ्याच विकाराचा असतो. तो अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो आणि जिवाला सहसा धोका करत नाही. शिवाय पार्किन्सन्सच्या साधारण एक चतुर्थांश रुग्णांना सुरुवातीला कंप नसतोच. काहींना तो पुढेही कधी होत नाही. हालचालींच्या विकारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय वैद्यक संघटनेनं २०१५ मध्ये निदानाचे जे निकष प्रसिद्ध केले, त्यांतही कंपाची सक्ती नाही. सक्ती आहे ती मंदपणाची. त्याच्या जोडीला अंगाचा ताठरपणा किंवा स्वस्थ असतानाचा कंप, यांपैकी एक असलं तरी पुरतं. म्हणजे ज्या लक्षणाची आपण वाट पाहत बसतो त्याच्यावाचून हा आजार असू शकतो, आणि ज्याच्यावाचून तो असूच शकत नाही त्या लक्षणाकडे ‘आता वय झालं’ म्हणून आपण काणाडोळा करतो.

हा मंदपणा कसला, हे नीट समजून घेतलं तर आजार ओळखणंही सोपं होतं आणि पुढं तो कोणत्या वाटेनं जातो हेही उलगडतं. आपण दिवसभर ज्या हालचाली करतो त्यांतल्या फार थोड्या ठरवून केलेल्या असतात. चालताना हात मागेपुढे झुलतात, पापण्या मिटतात-उघडतात, तोंडातली लाळ गिळली जाते, समोरच्याचं बोलणं ऐकताना चेहऱ्यावर भाव उमटतात, झोपेत कूस बदलली जाते. यासाठी मनाला हुकूम सोडावा लागत नाही. सही करताना अक्षर किती मोठं काढायचं याचा विचार कोणी करत नाही. लहानपणापासून अंगवळणी पडलेलं हे सगळं काम मेंदूच्या खोल भागातल्या काही केंद्रांच्या जिवावर चालतं आणि त्या केंद्रांना डोपामिन नावाचं रसायन लागतं. ते पुरवणाऱ्या पेशी मध्यमेंदूतल्या एका काळपट पट्ट्यात असतात. पार्किन्सन्समध्ये याच पेशी मरत जातात, आणि आजार डोळ्यांना दिसू लागेपर्यंत त्यांतल्या साधारण निम्म्या किंवा त्याहून जास्त गेलेल्या असतात. पण मेंदूच्या पृष्ठभागाकडचे, लक्ष देऊन हालचाल घडवणारे भाग तेव्हा बऱ्यापैकी शाबूत असतात. म्हणून आपोआप होणारी हालचाल आधी जाते आणि ठरवून केलेली मागे टिकून राहते. माझ्या मते पार्किन्सन्स ओळखण्याची खरी किल्ली इथं आहे. हात थरथरतो का, यापेक्षा ‘पूर्वी न सांगता होणारी कोणती गोष्ट आता सांगितल्याशिवाय होत नाही?’ हा प्रश्न घरात विचारला गेला पाहिजे.

असा प्रश्न मनात ठेवून पाहिलं तर खुणा ठायी ठायी दिसतात. चालताना एक हात झुलतो आणि दुसरा कोपरात किंचित वाकून अंगाशी चिकटून राहतो. एकाच पायाची चप्पल जमिनीवर घासल्याचा आवाज येतो. बँकेत सही जुळत नाही, कारण अक्षर बारीक झालेलं असतं. पत्ता लिहिताना पहिला शब्द ठीक येतो आणि ओळीच्या शेवटाकडे अक्षरं मुंगीएवढी होतात. सदऱ्याची बटणं लावायला, साडीच्या निऱ्या काढायला, कणीक मळायला, दात घासायला वेळ लागतो, आणि तोही एका हाताला अधिक. रात्री अंथरुणात कूस बदलताना आधार घ्यावा लागतो. आवाज बसका, एकसुरी होतो. बोलणाऱ्याला मात्र आपण नेहमीच्याच आवाजात बोलतोय असं वाटतं आणि ऐकणाऱ्यांनाच कमी ऐकू येतं अशी त्याची समजूत होते. चेहरा भावहीन दिसू लागतो, पापण्या कमी लवतात. नातवंड पुढ्यात नाचत असलं तरी आजोबांच्या चेहऱ्यावर हसू नाही म्हणून घरचे त्यांना रागीट किंवा उदास ठरवतात. यातली सर्वांत बोचरी गैरसमजूत वेगळीच आहे. ‘हात हलवत चाला’, ‘मोठ्यानं बोला’, ‘मोठं अक्षर काढा’ असं सांगितलं की रुग्णाला ते थोडा वेळ जमतं. डॉक्टरांसमोर तर तो ताठ बसतो आणि झपझप चालून दाखवतो. घरी आल्यावर पुन्हा पाय ओढू लागला की लोक म्हणतात, मनात आणलं की जमतंय, मग एरवी का नाही? आळस आहे, लक्ष वेधून घ्यायचंय, सुनेला राबवायचंय. पण लक्ष दिलं की जमणं आणि लक्ष हटलं की ढासळणं, हे ढोंग नव्हे. या आजाराचा तो स्वभावच आहे, आणि तो ध्यानात आला तर निम्म्या घरांतली कटुता कमी होईल.

लंडनच्या हॉक्स्टन भागात रुग्ण तपासणाऱ्या जेम्स पार्किन्सननं १८१७ मध्ये या आजारावर छोटा निबंध लिहिला तेव्हा त्याच्यासमोर अवघे सहा रुग्ण होते, आणि त्यांतले काही तर त्यानं रस्त्यात चालताना पाहिलेले होते. निरीक्षण विलक्षण होतं, पण त्यानं भर दिला तो कंपावर आणि शक्ती कमी होण्यावर. बुद्धी आणि संवेदना मात्र शाबूत राहतात असं त्याचं मत होतं. पॅरिसच्या साल्पेट्रिएर रुग्णालयातला झाँ-मार्टिन शार्को पुढं या आजाराचा अभ्यास करू लागला. रुग्णांच्या स्नायूंत ताकद असते, तरी हालचाल उमटायला वेळ लागतो. हा मंदपणा ताठरपणापेक्षा वेगळा आहे आणि काही रुग्णांना कंप अजिबात नसतो, हे त्यानं दाखवून दिलं. आजाराला पार्किन्सनचं नाव देण्याचा आग्रहही त्याचाच. रसायनाचा शोध लागायला त्यानंतर बराच काळ गेला, आणि तिथं भारतीय वनस्पतीचा धागा येतो. सर्पगंधेतून मिळणारं रेसरपिन हे द्रव्य दिलं की ससे निपचित पडून राहत. १९५७ मध्ये आर्व्हिड कार्लसन या स्वीडिश शास्त्रज्ञानं अशा सशांना लेव्होडोपा, म्हणजे शरीर ज्यापासून डोपामिन बनवतं ते द्रव्य, दिलं आणि ते पुन्हा हिंडू-फिरू लागले. १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविच यांनी पार्किन्सन्सनं गेलेल्या माणसांच्या मेंदूत डोपामिनची मोठी तूट दाखवली. कार्लसनना २००० मध्ये नोबेल मिळालं. लेव्होडोपा आजही या आजारावरचं सर्वांत परिणामकारक औषध आहे.

पार्किन्सनचा निबंध अपुरा पडला तो आणखी एका बाबतीत. आजार हालचालींपासून सुरू होतो असं तेव्हाच काय, विसावं शतक संपेपर्यंत बहुतेकांना वाटत होतं. हवाईत राहणाऱ्या जपानी वंशाच्या सुमारे ८,००० पुरुषांचा जो दीर्घकाळ पाठपुरावा झाला, त्यातून २००१ मध्ये एक अनपेक्षित गोष्ट पुढं आली. ज्यांना रोज शौचास होत नव्हतं त्यांच्यात, दिवसातून एकदा होणाऱ्यांच्या तुलनेत, पुढं पार्किन्सन्स होण्याचं प्रमाण २.७ पट होतं. जर्मन शास्त्रज्ञ हायको ब्राक यांनी २००३ मध्ये मृत रुग्णांच्या मेंदूंचा अभ्यास करून मांडलं की आल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या गाठी पुष्कळ जणांत आधी गंधाशी संबंधित भागात आणि मेंदूच्या खालच्या देठाजवळ आढळतात, आणि हालचालींच्या केंद्रांपर्यंत नंतर पोहोचतात. सगळ्या रुग्णांत हाच क्रम असतो असं नाही, आणि या सिद्धान्तावर आजही वाद आहेत. पण ब्रिटनमध्ये पार्किन्सन्सच्या ८,१६६ रुग्णांच्या जुन्या वैद्यकीय नोंदी निरोगी लोकांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या गेल्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात निदानाच्या दहा वर्षं आधीसुद्धा बद्धकोष्ठतेच्या तक्रारी जास्त आढळल्या, आणि पाच वर्षं आधीपासून नैराश्य, थकवा, उभं राहिल्यावर रक्तदाब उतरणं, लघवीच्या तक्रारी. यांतलं बरंचसं पुन्हा शरीराचं आपोआप चालणारं कामच आहे, हे लक्षात घ्यावं.

या आधीच्या काळातली सर्वांत बोलकी खूण झोपेतली आहे. स्वप्न पडत असताना आपले स्नायू सैल असतात, म्हणून स्वप्नात पळणारा माणूस अंथरुणातच राहतो. काही जणांत ही यंत्रणा बिघडते. ते स्वप्नातलं भांडण प्रत्यक्षात भांडतात, ओरडतात, शेजारी झोपलेल्या जोडीदाराला लाथा-बुक्के मारतात, पलंगावरून पडतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरच्या २४ केंद्रांनी, झोपेच्या तपासणीतून हा विकार सिद्ध झालेल्या १,२८० जणांचा मागोवा घेतला. १२ वर्षांत त्यांतल्या जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांत पार्किन्सन्स किंवा त्याच्या कुळातला दुसरा आजार दिसेल असं त्या आकडेमोडीतून निघालं. आपल्याकडे अशा झोपेला वाईट स्वप्नं, दिवसभराचा ताण किंवा बाहेरची बाधा समजलं जातं आणि डॉक्टरांपुढं ती कधी येतच नाही. वास जाण्याचंही तसंच. फोडणीतल्या हिंगाचा, करपलेल्या दुधाचा वास येत नाही हे माणसाच्या स्वतःच्या लक्षात येत नाही. ते स्वयंपाकघरात दुसऱ्या कोणाला तरी कळतं. स्कॉटलंडमधल्या जॉय मिल्न या परिचारिकेला आपल्या नवऱ्याच्या अंगाच्या वासात झालेला बदल निदानाच्या दहाहून जास्त वर्षं आधी जाणवला होता, आणि मँचेस्टरच्या शास्त्रज्ञांनी पुढं रुग्णांच्या त्वचेवरच्या तेलकट स्रावात खरोखरच वेगळी रसायनं शोधली. असं नाक हजारात एखाद्याचं. पण सोबत राहणाऱ्या माणसाला जे कळतं ते रुग्णाच्या आधी आणि पुष्कळदा डॉक्टरांच्याही आधी कळतं, हे मात्र घराघरांतलं सत्य आहे.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. बद्धकोष्ठता निम्म्या गावाला असते, वास सर्दीनं आणि कोविडनंही जातो, नैराश्याची कारणं शंभर. मग ही यादी वाचून लोकांनी घाबरून जायचं का? अजिबात नाही. यांतली एकेक तक्रार घेतली तर ती असणाऱ्या बहुसंख्यांना पार्किन्सन्स कधीच होत नाही, आणि केवळ या तक्रारींवरून कोणताही जबाबदार डॉक्टर निदान करणार नाही. त्यांचं मोल वाढतं ते एकत्र आल्यावर, आणि विशेषतः त्यांच्या सोबत एका बाजूचा मंदपणा दिसू लागल्यावर. झोपेतली मारामारी मात्र या यादीत वेगळी. ती एकटी असली तरी तज्ज्ञांना दाखवण्याजोगी आहे. आणि वयाचं म्हणाल, तर वयानं येणारा संथपणा दोन्ही अंगांना साधारण सारखा येतो. पार्किन्सन्स जवळजवळ नेहमी एका बाजूनं सुरू होतो, पुढं दुसरी बाजू धरली तरी पहिली बाजू जास्त अधू राहते. डॉक्टर अंगठा आणि तर्जनी भरभर उघडझाप करायला सांगतात तेव्हा ते वेगापेक्षा वेगळंच काही पाहत असतात: पहिल्या चार-सहा उघडझापी ठीक होतात आणि मग अंतर कमी कमी होत जातं का? हे आक्रसत जाणं नुसत्या म्हातारपणात होत नाही. मुंबईतल्या पारशी समाजात घरोघर जाऊन केलेल्या पाहणीचा निष्कर्ष १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. वयस्कर माणसांचं प्रमाण मोठं असलेल्या त्या समाजातही १४,०१० जणांत ४६ रुग्ण सापडले, म्हणजे लाखामागे सुमारे ३२८. भारतातल्या इतर पाहण्यांच्या मानानं हा आकडा मोठा आहे. तरीही त्याचा दुसरा अर्थ असा की पारशी समाजातल्या बहुसंख्य आजी-आजोबांना हा आजार नव्हता. म्हातारपण जोखीम वाढवतं; लक्षणांचा खुलासा मात्र ते करत नाही. चाळिशीतल्या रुग्णाला तर वयाचंही निमित्त नसतं. त्याचा आखडलेला खांदा फ्रोजन शोल्डर म्हणून महिनोन्‌महिने शेकला जातो. मायकेल जे. फॉक्स या अभिनेत्याला १९९१ मध्ये निदान झालं तेव्हा तो अवघा २९ वर्षांचा होता, आणि सुरुवात करंगळीच्या फडफडण्यानं झाली होती.

दुसरा प्रश्न हमखास येतो: एमआरआय काढून टाकला तर? पार्किन्सन्सच्या रुग्णाचा नेहमीचा एमआरआय बहुधा सर्वसाधारणच येतो. तो काढतात ते मेंदूतलं पाणी वाढणं, बारीक झटके, गाठ अशी दुसरी कारणं वगळण्यासाठी. अहवाल चांगला आला म्हणून पेढे वाटावेत असं काही त्यातून सिद्ध होत नाही. डोपामिनच्या पेशींचं जाळं दाखवणारा वेगळा स्कॅन काही मोठ्या शहरांत होतो, पण तोही शंकेच्या प्रसंगी. आल्फा-सिन्युक्लिन पाठीच्या पाण्यातून ओळखणाऱ्या चाचणीनं २०२३ च्या मोठ्या अभ्यासात सुमारे ८८ टक्के रुग्ण बरोबर ओळखले. पण घरगुती डॉक्टरांच्या टेबलावर ती अजून आलेली नाही. आजही निदान होतं ते इतिहास ऐकून, अंग तपासून आणि औषधाला मिळणारा प्रतिसाद पाहून. म्हणून दवाखान्यात जाताना नुसत्या फायलीपेक्षा मोबाइलवर घेतलेली चालतानाची चित्रफीत, झोपेतल्या झटापटीची चित्रफीत आणि पाच-दहा वर्षांपूर्वीची एखादी सही जास्त उपयोगी पडते. डॉक्टरांपुढं रुग्ण लक्ष देऊन चालतो. न बघताना तो कसा चालतो हे घरच्यांनाच ठाऊक असतं.

आणि सगळ्यांत आधी न्यायची ती औषधांची यादी. याबद्दल आपल्याकडे पुरेसं बोललं जात नाही याची मला खरोखर चिंता वाटते. डोपामिनचं काम अडवणारी काही औषधं हुबेहूब पार्किन्सन्ससारखी लक्षणं आणतात. मानसिक आजारांवरच्या हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांबद्दल निदान डॉक्टर सावध असतात. पण उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, चक्कर आणि अर्धशिशीवर महिनोन्‌महिने चालणारं सिनॅरिझिन किंवा फ्लुनारिझिन, आणि ॲसिडिटीच्या गोळीत मिसळून येणारं लेव्होसल्पिराइड, ही औषधं आपल्याकडे सर्रास घेतली जातात. कित्येकदा जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून परस्पर. अशा रुग्णाचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानं बंद केलं की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बहुतेकदा लक्षणं ओसरतात. काहींत ती ओसरत नाहीत, कारण आत दबलेला खरा आजार त्या औषधानं उघडा पडलेला असतो. याउलट, पहिल्या काही वर्षांतच वारंवार पडणं, लवकरच लघवीवरचा ताबा सुटणं, लेव्होडोपाचा पुरेसा डोस देऊनही काहीच फरक न पडणं, ही लक्षणं असली तर पार्किन्सन्ससारख्याच, पण वेगानं वाढणाऱ्या दुसऱ्या आजारांची शंका घ्यावी लागते. तरुण रुग्णात शरीरात तांबं साठवणारा विल्सनचा आजार वगळावाच लागतो, कारण त्यावर उपचार आहेत.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. मेलेल्या पेशी परत आणणारं किंवा आजार थांबवणारं सिद्ध झालेलं औषध आज नाही. मग लवकर कळून करायचं काय. दोन-तीन वर्षं अज्ञानातली सुखाची गेली तर काय बिघडलं? पण ती वर्षं सुखाची नसतातच. ती चुकीच्या उपचारांची, घरातल्या आरोपांची आणि आपल्याला काय होतंय हे न कळण्याच्या भीतीची असतात. व्यायामाबाबत तर पुरावा थेट सुरुवातीच्या काळातलाच आहे. अमेरिकेत, अजून औषध सुरू न झालेल्या १२८ रुग्णांवर एक प्रयोग झाला. निकाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिने ट्रेडमिलवर आठवड्यातून तीनदा, नाडी चांगली वाढेल अशा जोरानं चालणाऱ्यांची लक्षणं जवळपास होती तशीच राहिली; नेहमीच्या दिनक्रमातल्यांची वाढली. आजाराची गती यामुळे कमी होते असं एवढ्यावरून म्हणता येणार नाही, पण घाम येईल असा व्यायाम लवकर सुरू करायला याहून वेगळं कारण का लागावं? लेव्होडोपाबद्दलची भीतीही इथं निकालात काढायला हवी. ‘आत्ताच सुरू केलं तर पुढं लागू पडणार नाही, जेवढं लांबवता येईल तेवढं बरं’ असं रुग्ण म्हणतात आणि जुन्या वळणाचे काही डॉक्टरही. नेदरलँड्समध्ये ४४५ रुग्णांपैकी निम्म्यांना औषध लगेच आणि निम्म्यांना ४० आठवड्यांनी सुरू केलं गेलं. ८० आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच होते. लवकर घेतल्यानं आजार मंदावला नाही आणि बिघडलाही नाही. घानामध्ये औषध परवडत नसल्यानं रुग्णांना ते सरासरी चार वर्षांनी मिळत होतं, इटलीत सुमारे अडीच वर्षांनी. तरीही अंगाला हेलकावे येण्यासारखे त्रास दोन्हीकडे आजाराच्या साधारण त्याच टप्प्यावर सुरू झाले. त्रास ठरतो तो मुख्यतः आजाराच्या वयावर. औषध घेऊन किती वर्षं झाली याचा वाटा त्यात कमी. कोणी म्हणेल, आयुर्वेदातली कवचबीजं घेतली तर? त्यांत नैसर्गिक लेव्होडोपा खरंच असतं. म्हणूनच ती घेत असाल तर डॉक्टरांना सांगणं भाग आहे. चूर्णातलं प्रमाण दर वेळी सारखं नसतं आणि गोळीवर त्याची भर पडली तर डोस नकळत वाढतो.

आजार पुढं कसा सरकतो हे सांगताना मार्गरेट होन आणि मेल्विन यार यांनी १९६७ मध्ये आखलेल्या पाच पायऱ्या आजही वापरतात: एका बाजूचा आजार, दोन्ही बाजूंचा, मग तोल बिघडणं, मग उभं राहता येत असलं तरी बरीच मदत लागणं आणि शेवटी खुर्ची किंवा अंथरूण. तिसऱ्या पायरीचं महत्त्व सर्वांत जास्त, कारण तोल जाऊ लागला की पडणं आणि खुबा मोडणं सुरू होतं. मात्र प्रत्येक जण या पायऱ्या एकाच वेगानं चढत नाही. काही जण पहिल्या दोन टप्प्यांवर अनेक वर्षं चांगली काढतात, आणि पायरी पाहून नेमकं भविष्य कोणी सांगू नये. औषधाचा दिवसही बदलतो. सुरुवातीची काही वर्षं तीन गोळ्यांत दिवस सरळ जातो. पुढं गोळीचा असर लवकर ओसरू लागतो, दोन डोसांच्या मध्ये अंग जखडतं आणि डोस भरात असताना अंगाला नको असलेले हेलकावे येतात. हे हेलकावे पाहून कंप वाढला समजून घरचे स्वतःच गोळी वाढवतात, तेव्हा ते उलट वाढतात. डाळ, अंडी, पनीर अशा प्रथिनांच्या जेवणाबरोबर गोळी घेतली तर काही जणांत ती नीट शोषली जात नाही. म्हणून ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात.

आपोआप आणि ठरवून या दोहोंतला फरक पुढच्या टप्प्यांत आणखी ठळक होतो. चालता चालता बोलणं, हातात ताट घेऊन चालणं जड जातं, कारण आता चालण्यालाच पूर्ण लक्ष लागतं आणि ते वाटून देता येत नाही. दाराच्या उंबऱ्याशी, वळताना किंवा गर्दीत पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. मागून ढकलून किंवा ‘चला, चला’ करून उपयोग होत नाही. उलट तोल जातो. जमिनीवर आडव्या पट्ट्या चिकटवल्या, ‘एक-दोन, एक-दोन’ असा ताल धरला किंवा पुढ्यात कोणी पाय आडवा ठेवला तर तोच माणूस तो ओलांडून पुढं जातो. आतून येणारा इशारा क्षीण झालेला असतो. बाहेरून मिळालेला इशारा लक्षाच्या वाटेनं काम करून घेतो. आवाजासाठीची वाचोपचार पद्धत, मोठ्या पावलांचे व्यायाम, तालावरचं नृत्य या सगळ्यांमागचं तत्त्व हेच. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारखे स्वमदत गट रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना एकत्र आणतात, तेव्हा अशा युक्त्या एका घरातून दुसऱ्या घरात जातात. मात्र हालचालींपलीकडच्या त्रासांवर युक्त्या फारशा चालत नाहीत. उभं राहताच रक्तदाब उतरणं, घास अडकणं, भास होणं, आणि वर्षांनंतर पुष्कळांमध्ये येणारा स्मृतिभ्रंश हेच शेवटच्या काळात घराला जास्त थकवतात. भास झाल्याचं लाजेनं लपवलं जातं. ते कधी आजाराचे असतात, कधी औषधाचे, आणि डोस बदलून कमी होऊ शकतात. काही औषधांनी जुगाराची किंवा अवाजवी खरेदीची ओढ लागते, तीही सांगायला हवी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०१९ मध्ये जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना पार्किन्सन्स होता. आपल्याकडे आयुर्मान वाढतंय, त्यामुळे हे रुग्ण आता न्यूरॉलॉजिस्टच्याच नव्हे, तर हाडांच्या, पोटाच्या आणि शस्त्रक्रियेच्या वॉर्डांतही दिसणार. तिथं एक धोका हमखास असतो. खुबा मोडला किंवा न्यूमोनिया झाला म्हणून रुग्ण दाखल होतो, रुग्णालयाच्या वेळापत्रकात त्याच्या गोळ्यांच्या वेळा बसत नाहीत, उलट्या झाल्या म्हणून मेटोक्लोप्रमाइड आणि रात्री गोंधळला म्हणून हॅलोपेरिडॉल दिलं जातं. दोन्ही औषधं त्याच्याकडे उरलंसुरलं डोपामिनही निकामी करतात. लेव्होडोपा एकदम बंद पडलं तर प्रचंड ताठरपणा आणि ताप येऊन जीवही जाऊ शकतो. दाखल करतानाच कागदाच्या वरच्या बाजूला पार्किन्सन्सचा उल्लेख, गोळ्यांच्या नेमक्या वेळा आणि टाळायच्या औषधांची नावं लिहून द्यावीत. तोंडानं गोळी घेता येत नसेल तर नाकातल्या नळीतून ती कशी द्यायची हे पहिल्याच दिवशी विचारावं. उलटीसाठी डॉक्टर बहुधा डोम्पेरिडोन निवडतात, कारण ते मेंदूत फारसं शिरत नाही. मात्र रुग्णाला हृदयविकार असेल तर तेही आधी सांगावं लागतं.